कामाच्या दालनातील सात सद्गुण
(इटलीतील प्रबोधनकालीन रूपकचित्रांविषयी)

रोममधील व्हॅटिकन प्रासादात ‘स्तान्झा देल्ला सेन्यातुरा’ या नावाचे एक दालन आहे. राफाएलची विख्यात भित्तिचित्रे पाहण्यासाठी जगभरातून लोक तेथे जातात आणि बहुतेकांची दृष्टी ‘अथेन्सचे विद्यापीठ’ या चित्रावर खिळून राहते. हे दालन मुळात पोप दुसरा ज्युलियस याचे खाजगी ग्रंथालय असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. त्याच्या छतावरील चार वर्तुळांत चार स्त्रिया बसल्या आहेत : ईश्वरविद्या, तत्त्वज्ञान, काव्य आणि न्याय. त्या काळी ग्रंथांची विभागणी साधारणपणे याच धर्तीवर होत असे. कोणत्या भिंतीशी कोणत्या विषयाचे ग्रंथ आहेत, हे वर पाहिले की उमगावे, अशी ती योजना. आजच्या ग्रंथपालास तिच्यात आपल्या वर्गीकरणपद्धतीचा एक देखणा पूर्वज दिसेल.

यांपैकी न्यायाच्या भिंतीवर, खिडकीच्या वरच्या अर्धवर्तुळात, १५११ साली राफाएलने तीन स्त्रिया रंगविल्या. एकीच्या हाताशी सिंह आहे, दुसरी आरशात पाहत आहे, तिसरीने लगाम उंच धरला आहे. त्यांच्या भोवती बालके खेळत आहेत. हे कोणत्याही कथेतील पात्र नव्हे, कोणी संतही नव्हे. ख्रिस्ती परंपरेने मानलेले हे सद्गुण आहेत. ग्रंथालयाच्या भिंतीवर ते कसे आले आणि तेथे त्यांनी काय साधले, हा प्रश्न एका ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात विचारणे अप्रस्तुत होणार नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मात्र रोम सोडून आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

सात नावांचा प्रवास

हे सद्गुण सात आहेत, आणि ते दोन निरनिराळ्या घराण्यांतून आले आहेत. प्रज्ञा, धृती, संयम आणि न्याय हे चार ग्रीकांचे. प्लेटोने आपल्या ‘रिपब्लिक’ या संवादात आदर्श नगराचे गुण म्हणून त्यांची मांडणी केली. रोमन लेखक सिसेरो याने ते लॅटिन वाचकांपर्यंत पोहोचविले, आणि चौथ्या शतकात मिलानचा बिशप संत अँब्रोस याने त्यांना जे विशेषण लावले ते ‘बिजागरी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेले आहे. दार जसे बिजागरीवर फिरते, तसे सदाचरण या चार गुणांवर फिरते, असा त्याचा भाव. उरलेले तीन, म्हणजे श्रद्धा, आशा आणि प्रीती, हे संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातले. त्या तिहींत प्रीती श्रेष्ठ, असा त्याचा निर्वाळा आहे. पहिले चार माणसाला अभ्यासाने साधतात, शेवटचे तीन ईश्वराच्या कृपेने मिळतात, असा भेद तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने सविस्तर मांडला. चार आणि तीन मिळून सात झाले.

गुणांना माणसाचे रूप देण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. अकराव्या शतकातील कृष्णमिश्राच्या ‘प्रबोधचंद्रोदय’ या संस्कृत नाटकात विवेक आणि महामोह हे दोन राजे एकमेकांशी लढतात. श्रद्धा, शांती, करुणा, दंभ, अहंकार ही सारी तेथे पात्रे होऊन रंगभूमीवर येतात. युरोपात हेच काम इसवी सन ४००च्या सुमारास प्रुडेंशियस या ख्रिस्ती कवीने लॅटिनमध्ये केले. त्याच्या काव्यात सद्गुण आणि दुर्गुण यांचे युद्ध आहे. शब्दांत उभी राहिलेली ही पात्रे पुढे हस्तलिखितांच्या पानांवर, चर्चच्या दारांवर आणि शेवटी भिंतींवर उतरली.

ही सारी पात्रे स्त्रियाच का, असे कोणी विचारील. याचे एक साधे कारण व्याकरणात आहे. लॅटिनमध्ये या सातही गुणांची नावे स्त्रीलिंगी आहेत. मराठीत श्रद्धा, आशा, प्रीती, प्रज्ञा आणि धृती या स्त्रिया होतील. पण संयम आणि न्याय हे पुरुष ठरतील, आणि न्यायाला स्त्रीरूप द्यायचे तर आपल्याला ‘न्यायदेवता’ असा शब्द योजावा लागतो. योगायोग असा, की गीतेच्या दहाव्या अध्यायात विभूती सांगताना भगवंतांनी स्त्रीवाचक म्हणून जे गुण गणले आहेत तेही सातच आहेत : कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा. या दोन याद्यांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु गुणाला स्त्री मानण्याची सवय भाषेतूनच कशी लागते, हे त्यावरून दिसते.

पादुआ : सावकाराच्या मुलाचे प्रार्थनामंदिर

पादुआ नगरात एन्रिको स्क्रोव्हेन्यी नावाचा एक अतिशय धनाढ्य गृहस्थ होता. त्याचा बाप व्याजबट्ट्याच्या धंद्यासाठी इतका कुप्रसिद्ध होता, की महाकवी दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकातील व्याजखोरांमध्ये त्याला बसविले. एन्रिकोने आपल्या वाड्याशेजारी एक प्रार्थनामंदिर बांधविले आणि १३०५ साली त्याची प्रतिष्ठापना झाली. बापाच्या पापाचे क्षालन हा त्यामागचा हेतू होता, असा समज फार दिवसांपासून रूढ आहे. आतील चित्रांसाठी त्याने जोत्तोला पाचारण केले. इतिहासकार ज्याला प्रबोधनकाळाचा अग्रदूत म्हणतात, तो हाच जोत्तो.

भिंतींच्या वरच्या भागात येशूच्या व मरियमच्या जीवनातील प्रसंग भरजरी रंगांत आहेत. अगदी खाली, माणसाच्या उंचीच्या जवळपास, जोत्तोने संगमरवरी शिल्पाचा आभास निर्माण करून करड्या छटेत एका बाजूस सात सद्गुण व त्यांच्या समोर सात दुर्गुण रंगविले. प्रत्येक सद्गुणासमोर त्याचा वैरी उभा आहे. प्रज्ञेसमोर मूर्खपणा, धृतीसमोर चंचलता, संयमासमोर स्वतःचे वस्त्र फाडणारा क्रोध, आशेसमोर गळफास लावून घेतलेली निराशा. संयमाच्या मुखात लगामाची कडी आहे आणि तिच्या हातातील तलवार म्यानासकट पट्ट्यांनी गुंडाळलेली आहे. शस्त्र आहे, पण ते सहजासहजी उपसता येणार नाही. दाराच्या आतल्या भिंतीवर अंतिम न्यायाचे प्रचंड चित्र आहे. सद्गुणांची ओळ स्वर्गाच्या बाजूला जाते आणि दुर्गुणांची नरकाच्या. मंदिरातून बाहेर पडणारा माणूस या दोन ओळींमधून चालत जातो.

यातील प्रीतीचे चित्र विशेष न्याहाळण्यासारखे आहे. तिच्या एका हातात फळाफुलांनी भरलेले पात्र आहे, दुसऱ्या हाताने ती वर दिसणाऱ्या ख्रिस्ताला आपले हृदय देत आहे, आणि तिच्या पायाखाली पैशांच्या थैल्या आहेत. तिच्यासमोर मत्सर उभा आहे. ज्वाळांनी वेढलेला, हातात एक थैली घट्ट धरलेला. त्याच्या तोंडातून निघालेला साप उलटा फिरून त्याच्याच डोळ्यांवर झेप घेतो. ज्या घराण्याची सारी संपत्ती थैल्यांतून आली, त्याच घराण्याच्या खर्चाने, त्याच्याच मंदिरात हे चित्र रंगविले गेले आहे. जोत्तोने येथे सद्गुणांचा सर्वसाधारण उपदेश केलेला नाही. यजमानाच्या घरच्या दुखण्यावर त्याने बोट ठेवले आहे, आणि यजमानाने ते ठेवू दिले आहे.

सिएना : नऊ कारभाऱ्यांचे दालन

पादुआचे मंदिर झाल्यावर सुमारे तेहतीस वर्षांनी, १३३८-३९ साली, सिएना या नगरराज्याच्या सभागृहात अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्ती याने सद्गुणांना राज्यकारभारात आणले. सिएनाचा कारभार नऊ जणांचे मंडळ पाहत असे. दर दोन महिन्यांनी नवे नऊ जण निवडले जात आणि तेवढ्या मुदतीत ते त्याच इमारतीत राहत. त्यांच्या बैठकीच्या दालनात, त्यांना बसल्या जागी दिसेल असे, चांगल्या व वाईट राज्यकारभाराचे चित्र काढण्यात आले.

चांगल्या कारभाराच्या चित्रात राज्यकर्त्याच्या डोक्यावर श्रद्धा, आशा, प्रीती तरंगत आहेत आणि दोन्ही बाजूंना सहा स्त्रिया बसल्या आहेत. प्रज्ञा, धृती, संयम, न्याय हे चार परिचित गुण त्यांत आहेतच. पण शांती आणि औदार्य या दोघींची त्यांत भर घातली आहे. शांती उशीला टेकून विसावली आहे. तिच्या उशीखाली चिलखत दडपलेले आहे. संयमाच्या हाती येथे लगाम नाही, वाळूचे घटिकायंत्र आहे. युरोपीय चित्रकलेत वाळूच्या घड्याळाचे जे सर्वांत जुने दाखले मिळतात, त्यांत याची गणना होते. घाई न करता वेळेचे मोजमाप ठेवणे हाही संयमच, असा त्याचा अर्थ.

याच भिंतीवर डावीकडे न्यायदेवतेची आणखी एक मूर्ती आहे. तिच्या तराजूच्या दोन पारड्यांतून दोन दोऱ्या खाली येतात. खाली बसलेली एकोप्याची देवता त्या दोऱ्या एकत्र करून चोवीस नागरिकांच्या हाती देते, आणि तिच्या मांडीवर चक्क सुताराचा रंधा आहे. उंचसखल भाग तासून सपाट करण्यासाठी! दुष्ट कारभाराच्या चित्रात जुलमाच्या पायाशी न्याय बांधून टाकलेला आहे, त्याचे तराजू मोडून पडले आहे, आणि दुफळी नावाची स्त्री करवतीने स्वतःचेच अंग कापत आहे.

या चित्राने सिएना वाचली काय? १३४८च्या प्लेगने नगराची दुर्दशा केली. लोरेन्झेत्तीही बहुधा त्याच साथीत गेला. १३५५ साली नऊ जणांचे मंडळ उलथून पाडण्यात आले. भिंतीवरच्या सद्गुणांनी कारभार टिकविला नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु कारभार कसा बिघडतो हे कारभाऱ्यांच्याच डोळ्यांसमोर कोणी तरी इतके स्पष्ट मांडून ठेवले होते, हेही तितकेच खरे. राज्य गेले, चित्र राहिले, आणि पुढच्या प्रत्येक राज्यकर्त्याला ते पाहावे लागले.

फ्लॉरेन्स आणि पेरूज्या : व्यापाऱ्यांच्या सभा

पंधराव्या शतकात सद्गुण बाजारपेठेत आले. फ्लॉरेन्समध्ये व्यापारी तंटे, कर्जे आणि दिवाळखोरी यांचे निवाडे करणारे ‘मेर्कान्झिया’ नावाचे एक स्वतंत्र न्यायासन होते. त्याच्या सभादालनासाठी १४६९ साली सात सद्गुणांचे सात फलक करविण्याचे ठरले. काम पिएरो देल पोल्लाइउओलो या चित्रकाराकडे गेले. वेरोक्यो या मातब्बर कलावंतानेही एक आराखडा दिला होता, तो स्वीकारला गेला नाही. पिएरोची प्रीती हाती ज्योत घेऊन मांडीवरच्या बाळाला पाजते, त्याच्या प्रज्ञेच्या हाती आरसा आणि साप आहेत, संयम एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पाणी ओतून तीव्रता सौम्य करतो. प्रत्येक देवता संगमरवरी सिंहासनावर, न्यायाधीशांप्रमाणेच, बसलेली आहे.

सातांपैकी सहा फलक पिएरोने केले. सातवा, धृतीचा, फलक १४७० साली एका पंचविशीतल्या चित्रकाराने रंगविला. त्याचे नाव बोत्तिचेल्ली. तोम्मासो सोदेरीनी या वजनदार मुत्सद्द्याने शब्द टाकल्यामुळे हे काम त्याला मिळाले. निःपक्षपाती निवाड्यासाठी बसलेल्या मंडळींच्या दालनातील एक सद्गुण वशिल्याने यावा, हा इतिहासाचा विनोदच म्हटला पाहिजे. त्याहून मोठा विनोद असा, की सातांत तोच फलक सर्वांत सरस उतरला! आज हे सातही फलक फ्लॉरेन्सच्या उफीत्सी संग्रहालयात आहेत, आणि बोत्तिचेल्लीची धृती चिलखतावर वस्त्र पांघरून, हाती राजदंड घेऊन, किंचित कलत्या मानेने बसलेली तेथे पाहायला मिळते. तिच्या मुद्रेवर लढाईचा आवेश नाही. दीर्घकाळ सहन करणाऱ्या माणसाचा थकलेला ठामपणा आहे.

पेरूज्या येथील सराफांच्या श्रेणीने, म्हणजे नाणी पारखून बदलून देणाऱ्यांच्या संघाने, पुढे त्याच शतकाच्या अखेरीस आपले सभागृह पेरुजीनोकडून रंगवून घेतले. विषयसूत्र फ्रान्चेस्को मातुरान्झियो या विद्वानाने आखले होते. येथे प्रज्ञा, न्याय, धृती आणि संयम या चौघींच्या खाली प्राचीन ग्रीक व रोमन थोर पुरुष रांगेने उभे आहेत. प्रज्ञेखाली सॉक्रेटिस आहे, न्यायाखाली सम्राट ट्राजान आहे, धृतीखाली लिओनिडास आहे, संयमाखाली पेरिक्लिस आहे. यांतील एकही ख्रिस्ती नाही. उरलेले तीन सद्गुण येशूच्या जन्मासारख्या धार्मिक प्रसंगांतून सुचविले आहेत. अन्य परंपरेतील माणसांकडूनही शिकण्यासारखे असते, हे त्या सराफांनी आपल्या भिंतीवर मान्य केले होते. प्रबोधनकाल ज्याला म्हणतात, त्याचा गाभा या एका सभागृहात सापडतो.

पुन्हा ग्रंथालयात

आता पुन्हा ज्युलियस पोपच्या दालनात येऊ. राफाएलच्या चित्रातील प्रज्ञेला दोन मुखे आहेत. पुढचे तरुणीचे, मागचे वृद्ध पुरुषाचे. पुढे पाहणाऱ्याने मागचे विसरू नये, हा त्याचा बोध. संयमाच्या हाती लगाम आहे. श्रद्धा, आशा, प्रीती या मोठ्या स्त्रिया नसून तीन बालके आहेत. एक आकाशाकडे बोट दाखविते, एक मशाल धरते, एक झाडाची फळे तोडते. चौथा सद्गुण, न्याय, या ओळीत नाहीच; तो छतावर, तिघींच्या वर बसला आहे. बाकीचे गुण आपापल्या जागी असतील तरच न्याय संभवतो, ही प्लेटोचीच शिकवण येथे चित्ररूप झाली आहे.

रचनेच्या दृष्टीने पाहता यापूर्वीच्या कोणत्याही चित्रापेक्षा हे अधिक मोकळे व सुंदर आहे. देवता सिंहासनांवरून उतरून एका कट्ट्यावर सहजपणे बसल्या आहेत. मात्र धृतीच्या हातात ओकवृक्षाची फांदी आहे, आणि प्रीतीचे बालक त्याच फांदीची फळे तोडत आहे. ओकवृक्ष हे ज्युलियसच्या देल्ला रोव्हेरे घराण्याचे बोधचिन्ह होते. खाली धर्मशास्त्राचा संग्रह स्वीकारणाऱ्या जुन्या पोप ग्रेगरीला ज्युलियसचाच चेहरा दिला आहे. स्वतः सैन्य घेऊन लढाईवर जाणाऱ्या या पोपच्या ग्रंथालयात धृती आणि प्रीती या दोघी त्याच्याच झाडाच्या सावलीत बसल्या! जोत्तोच्या प्रीतीने यजमानाच्या थैल्या पायाखाली घेतल्या होत्या. राफाएलची प्रीती यजमानाच्या झाडाचे फळ वेचते. दोनशे वर्षांत कला कोठल्या कोठे गेली, पण या एका बाबतीत ती पुढे गेली की मागे, हे वाचकांनीच ठरवावे.

दालनातून कागदावर

यानंतर अर्धशतकाने हेच सात सद्गुण राजवाड्यांबाहेर पडले. १५५९-६० साली ब्रॉयगेल या फ्लेमिश चित्रकाराने त्यांची रेखाचित्रे केली आणि अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉक या प्रकाशकाने त्यांचे छाप बाजारात आणले. चित्र आता पुस्तकासारखे विकत घेता येऊ लागले. ब्रॉयगेलच्या संयमाच्या मुखात जोत्तोच्याच परंपरेतला लगाम आहे आणि लोरेन्झेत्तीच्या वाळूच्या घटिकेऐवजी डोक्यावर यांत्रिक घड्याळ आहे. त्याचे न्यायाचे चित्र मात्र पाहणाऱ्याला अस्वस्थ करते. मध्यभागी तलवार आणि तराजू घेतलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली न्यायदेवता उभी आहे, आणि तिच्या भोवती कायद्याच्या नावाने यातना देणे, मुंडकी उडविणे, फाशी देणे चालले आहे. तिला हे दिसत नाही म्हणून ती निःपक्षपाती आहे, की दिसत नाही म्हणूनच हे चालू शकते?

ही पट्टी जुनी नाही, हे येथे सांगितले पाहिजे. जोत्तो, लोरेन्झेत्ती, पोल्लाइउओलो, राफाएल यांच्या न्यायदेवता उघड्या डोळ्यांच्या आहेत. १४९४ साली छापलेल्या ‘मूर्खांचे जहाज’ या जर्मन पुस्तकातील एका चित्रात एक विदूषक न्यायदेवतेचे डोळे बांधताना दिसतो. तेथे ती पट्टी उपहासाची होती. पुढे ती निःपक्षपाताची खूण मानली गेली आणि तशीच जगभर पसरली. इंग्रजी अंमलाबरोबर आपल्याकडेही आली. २०२४ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची जी नवी मूर्ती बसविण्यात आली, तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि हाती तलवारीऐवजी राज्यघटना आहे. ही मूर्ती बसविली गेली ती न्यायाधीशांच्या ग्रंथालयात. राफाएलच्या दालनानंतर पाच शतकांनी न्यायाची प्रतिमा पुन्हा पुस्तकांच्या सान्निध्यात आली, असे म्हणता येईल.

या साऱ्या दालनांवरून एक गोष्ट दिसून येते. सद्गुणांच्या या प्रतिमांची पूजा करावी, अशी कोणाचीच अपेक्षा नव्हती. माणसे जेथे पैसे मोजत, निवाडे देत, कर बसवीत, पुस्तके वाचीत, तेथे त्या लावल्या गेल्या. आणि त्या जागेचा जो मोह असेल, त्याकडे त्यांनी बोट दाखवावे, हा त्यांचा खरा उपयोग होता. जेथे त्यांनी ते काम केले, तेथे त्या आजही बोलक्या आहेत. जेथे त्या यजमानाच्या कौतुकाला लागल्या, तेथे त्या फक्त सुंदर राहिल्या.

शताब्दी हा कोणत्याही संस्थेचे कौतुक करण्याचा प्रसंग असतो, आणि ते कौतुक न्याय्यही असते. शंभर वर्षे पुस्तके जपणे, ती मागेल त्याच्या हाती देणे आणि परत आली की पुन्हा जागेवर लावणे, यात धृती, संयम आणि प्रीती तिन्ही लागतात. तथापि आपल्या भिंतीवर उद्या कोणी सात सद्गुण रंगवू म्हटले, तर त्या चित्रकाराला आपण आपली बोधचिन्हे द्यावयाची, की आपल्या बंद कपाटांच्या किल्ल्या द्यावयाच्या, याचा विचार आधी झालेला बरा. पादुआच्या सावकाराच्या मुलाने सातशे वर्षांपूर्वी तो केला होता.